मायक्रोआरएनए : औषधाआधी नोंदी हव्यात

नवी दिल्ली : वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराने लागोपाठ दोन वर्षे एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंकडे लक्ष वेधले. २०२४ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुवकुन यांचा गौरव मायक्रोआरएनएच्या शोधासाठी झाला. २०२५ मध्ये मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना, रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर का उलटत नाही याचा उलगडा केल्याबद्दल हा मान मिळाला. या यंत्रणेचा आवर सुटला की एकीकडे ल्युपस, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांसारखे स्वयंप्रतिकार विकार आणि दुसरीकडे रक्ताचे काही कर्करोग उद्भवू शकतात.

मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे २२ घटकांचे आखूड धागे. ते स्वतः प्रथिन घडवत नाहीत. जनुकाकडून निघालेल्या संदेशाला चिकटून तो दाबतात. १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत ते प्रथम आढळले, तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. मानवी रोगाशी त्यांचा ठळक संबंध २००२ मध्ये रक्ताच्या कर्करोगातूनच पुढे आला. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या बहुसंख्य रुग्णांत मायक्रोआरएनए-१५ व १६ नाहीसे झालेले वा घटलेले असल्याचे कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाला हे दोघे रोखतात, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. आज वापरात असलेले व्हेनेटोक्लॅक्स हे औषध याच प्रथिनावर काम करते.

दोन्ही आजारांचा सांधा मात्र अन्य दोन रेणूंत अधिक स्पष्ट दिसतो. मायक्रोआरएनए-१४६ए ल्युपसच्या रुग्णांत घटलेला आढळला. तो नसलेल्या उंदरांना आधी स्वयंप्रतिकार विकार जडतो आणि पुढे रक्तपेशींच्या गाठी होतात. मायक्रोआरएनए-१५५ काही लिम्फोमांत वाढलेला असतो. तो काढून टाकलेल्या उंदरांत प्रायोगिक संधिवात होत नाही, पण त्यांची संसर्गाशी लढण्याची ताकदही खालावते. येथेच औषधनिर्मितीची खरी अडचण आहे : एक रेणू शेकडो संदेश हाताळतो, त्यामुळे एक दोष दुरुस्त करताना दुसरीकडे काय बिघडेल हे सांगणे कठीण. एमआरएक्स-३४ या औषधाची चाचणी २०१६ मध्ये गंभीर प्रतिकारजन्य दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. या वर्गातील एकाही औषधाला अद्याप मान्यता मिळालेली नाही.

त्यामुळे नजीकच्या काळातील उपयोग निदानाचा, आणि तोही वाटतो तितका सोपा नाही. लाल रक्तपेशींत मायक्रोआरएनए-१६ मुबलक असतो. नमुना हाताळताना त्या फुटल्या तर आकडा फुगतो. एका चाचणीच्या बळावर कोणी कर्करोगाचे भाकीत करू लागले, तर रुग्णाने सावध असलेलेच बरे.

दिल्ली परिसरात या कामासाठी लागणारे बहुतेक सारे आहे. सीएसआयआरच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेतील (आयजीआयबी) संशोधकांनी २००५ मध्येच मानवी मायक्रोआरएनए एचआयव्हीच्या जनुकांना लक्ष्य करू शकतात, असे संगणकीय विश्लेषणातून मांडले होते. एम्सचे कर्करोग रुग्णालय आहे, शिवाय हरियाणातील झज्जर येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ पासून सुरू आहे. उणीव आहे ती दीर्घ नोंदींची. आयसीएमआरचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या आरंभापासून चालतो; स्वयंप्रतिकार विकारांना तशा जुन्या कार्यक्रमाचे पाठबळ नाही.

ही विषमता महागात पडते. स्यॉग्रेन सिंड्रोमच्या रुग्णांना लिम्फोमाचा धोका अधिक असतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अशा रुग्णांचे रक्त निदानाच्या वेळीच जपून ठेवून त्यांचा दहा-पंधरा वर्षे मागोवा घेतला, तर कोणाचा मायक्रोआरएनए आधी बदलला हे भारतीय रुग्णांतच तपासता येईल. त्यासाठी संधिवात आणि रक्तविकार या दोन विभागांच्या नोंदी एकत्र याव्या लागतील. निधी देणारी आयसीएमआर आणि रुग्ण तपासणारे एम्स अन्सारीनगरात शेजारी-शेजारी आहेत. पहिला प्रस्ताव तेथूनच यायला हवा.