तान्ह्या पोळ्याचा बैल

मोठा पोळा शेतकऱ्याचा आणि तान्हा पोळा पोरांचा, अशी विदर्भातील वाटणी आहे. श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांची पूजा होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाची रोगराई नारबोदीबरोबर वेशीबाहेर घालवली जाते आणि संध्याकाळी चाकांवरचे लाकडी नंदी दोरीने ओढीत मुले तोरणाखाली रांगेने उभी राहतात. त्यानंतर घरोघर फिरून बोजारा मागायचा. पूर्वी हा बोजारा चार आठ आण्यांचा, मूठभर मुरमुऱ्यांचा असे. गोंदिया जिल्ह्यातील धानपट्ट्यात, आमगाव-गोरेगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत, हा सण अजून टिकून आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींच्या काळापासून तो चालत आला असे सांगितले जाते. त्याचा आरंभ राजवाड्यात झालेला असो वा नसो, तो जगविला मात्र गावच्या सुताराने.

या नंदीमागे एक सरळ व्यवहार होता. शेतीची अवजारे ज्याने घडवायची, त्यानेच उरलेल्या लाकडातून पोरांचा बैल घडवावा. नांगर-वखराच्या कामाचा मोबदला धानात मिळावा आणि बैलाचे दोन पैसे वेगळे हाती पडावेत. ज्या घरी गुरे नाहीत, तेथे मातीचे बैल पुजले जात. म्हणजे भूमिहीन मजुराच्या पोरालाही एका दिवसापुरती बैलजोडीची मालकी मिळे. ती मालकी खोटी होती हे कबूल. पण ज्या व्यवस्थेने त्याला खरी मालकी कधीच दिली नाही, तिच्या हिशेबात एवढे खोटे खपून जाण्यासारखे होते.

आज खेळण्यातला बैल उरला आहे आणि खरा बैल गोठ्यातून निघून चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात गाय-वर्गातील नर जनावरे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत तीस टक्के घट! याला ट्रॅक्टर कारण आहे, चाऱ्याची महागाई कारण आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मार्च २०१५ पासून अमलात आलेला, बैलांच्याही कत्तलीवर बंदी घालणारा कायदा हेही एक कारण आहे. म्हातारा बैल विकून त्या पैशांत भर घालून नवा गोऱ्हा घेण्याची लहान शेतकऱ्याची जुनी सोय या कायद्याने मोडली. बैलाची पूजा करण्याचा उपदेश जे करतात, त्यांच्याच राज्यात बैल पाळणे गरिबाला परवडेनासे व्हावे, हा विरोधाभास पोळ्याच्या भाषणांत कोणी काढीत नाही.

बैल गेला तसा सुताराचा बलुत्याचा आधारही गेला. आता नंदी हा निव्वळ बाजारचा माल झाला आहे. नागपूरच्या बाजारात तो शे-दोनशेपासून कित्येक हजारांपर्यंत मिळतो. झुली, घुंगरू, पितळी शिंगे चढवून हौशी घरांच्या दिवाणखान्यांतून तो वर्षभर शोभेची वस्तू म्हणून मिरवतो. गोंदियाच्या बाजारातही सणाच्या आठवड्यात प्लॅस्टिकचे, फायबरचे बैल लाकडी नंदीच्या शेजारी येऊन बसतात. त्यांच्याच बाजूला बॅटरीवर लुकलुकणाऱ्या मोटारी, आवाज काढणाऱ्या बंदुका आणि उडणारी चक्रे मांडलेली असतात. विड्या वळणाऱ्या आईने हजार विड्यांच्या मजुरीतून मुलासाठी काय घ्यावे, याचा निर्णय तिने घेण्यापूर्वीच दूरदर्शन आणि मोबाइलच्या जाहिरातींनी घेऊन टाकलेला असतो. त्यातली स्वस्त वस्तू चार दिवसांत बंद पडते. एवढेच असते तर सोडून देता आले असते. परंतु खेळण्यातील गोटीएवढी चपटी बॅटरी लहान मुलाने गिळली, तर अन्ननलिकेला दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. हातगाडीवरच्या खेळण्याचे बॅटरीचे झाकण स्क्रूने बसविले आहे की नुसत्या खाचेवर अडकविले आहे, हे ग्राहकाने पाहावे, अशी अपेक्षा करणारे सरकार स्वतः किती हातगाड्या पाहते?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयातकर २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला, २०२३ मध्ये तो ७० टक्के झाला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोची खूण बंधनकारक झाली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून देशी खेळण्यांचा गौरव केला. २०१८-१९ मध्ये ३७ कोटी १० लाख डॉलरची असलेली आयात २०२१-२२ पर्यंत ११ कोटी डॉलरवर आली. आयात घटली ही गोष्ट खरी, आणि समाजवाद्यांनी तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो रिकामी झालेली जागा कोणी घेतली याचा. साचे, यंत्रे, प्रयोगशाळा आणि वितरक ज्यांच्यापाशी होते, त्यांनी ती घेतली. सालेकशाच्या सुताराचा स्पर्धक पूर्वी चिनी कारखानदार होता, आता देशी कारखानदार आहे. त्याच्या पोटाला या फरकाने काय मिळाले?

हस्तव्यवसाय विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना मानकाच्या सक्तीतून सूट आहे. पण नोंद असेल तर सूट. आणि नोंद म्हणजे अर्ज, ओळखपत्र, कार्यालयाच्या फेऱ्या. ज्याला आपला नंदी 'हस्तव्यवसाय' या सदरात बसतो हेच कोणी सांगितलेले नाही, तो सूट कशी मागणार? कराचेही तसेच. ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सुताराला वस्तू व सेवा कराची नोंदणीच नाही. त्यामुळे कारखान्याच्या साध्या खेळण्यावर १२ टक्के कर होता, तेव्हा त्या बारा टक्क्यांची थोडी आडोशाची भिंत त्याला मिळत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा कर ५ टक्के झाला. मध्यमवर्गीय ग्राहक खूश झाला, वर्तमानपत्रांनी मथळे दिले. भिंतीची उंची निम्म्याहून कमी झाली, याची बातमी कुठे आली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहे आणि पारंपरिक खेळणी करणाराही आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज, पाच टक्के व्याजाने. हत्यार मिळेल, कर्जही मिळेल. पण लाकूड? गोंदिया हा जंगलांचा जिल्हा. नवेगाव, नागझिरा ही नावे महाराष्ट्रभर पर्यटकांच्या तोंडी आहेत. अशा जिल्ह्यातला सुतार आरागिरणीच्या दारात तुकडे वेचतो, कारण वनखात्याच्या आगारातील सागाचा लिलाव मोठ्या लाटांनी होतो आणि तेथे बोली लावायची त्याची ऐपत नाही. कर्नाटकातील चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांना लाखेची झळाळी देतात. त्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे, देशभर बाजार आहे. पळसाच्या फांद्यांवरची लाख गोंदियाच्या पट्ट्याला नवखी नाही, लाकूड येथे आहे, हातही आहेत. या तिघांची गाठ घालून देणारे कोणी नाही.

गेडीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पावसाळ्यातल्या चिखलात बांबूच्या दोन काठ्यांवर पाय रोवून चालण्याचा हा खेळ शेजारच्या छत्तीसगडमध्ये हरेलीच्या सणाला घरोघर दिसतो; राज्यसीमेला लागून असलेल्या झाडीपट्टीतही तो परका नाही. तोल, दंडातली ताकद, मांडीचा जोर, सगळे त्यात लागते आणि पैसा जवळजवळ लागत नाही. २०२२ मध्ये छत्तीसगड सरकारने राज्यभर पारंपरिक खेळांच्या स्पर्धा घेतल्या, तेव्हा गेडीची शर्यत त्यात होती. सीमेच्या अलीकडे मात्र शाळेच्या क्रीडासाहित्यात बाजारातून आलेली प्लॅस्टिकची बॅट आणि आठवड्यात फुटणारा चेंडू. बांबू २०१७ मध्ये कायद्याने, वनाबाहेरच्या जमिनीपुरता, 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांना बांबूवर हक्क आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने तो २०११ मध्ये वाहतूक परवान्यासह बजावूनही दाखविला. कायदा आहे, बांबू आहे, खेळ आहे, मुले आहेत!

याच पोकळीत पुढारी शिरतो. तान्ह्या पोळ्याचे व्यासपीठ, मागे मोठे फलक, पुढे नंदी घेतलेली शे-दोनशे मुले आणि बक्षीस म्हणून पाण्याची बाटली, डबा, कंपास, त्यावर दात्याची तसबीर. मागण्याचा मान पोरांचा होता. तो आता देणाऱ्याचा झाला. शाळेत पेल्यावर स्वतःचे नाव छापून आणणाऱ्याला निधी कोठून येतो, हे विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. आणि स्पष्ट लिहायचे तर पुरोगामी म्हणविणाऱ्या काही मंडळांनीही हीच वाट धरली आहे. घाऊक बाजारातून गोणीभर वस्तू आणायच्या आणि स्थानिक कारागिराच्या दुरवस्थेवर भाषण करायचे, हे दोन्ही एकाच संध्याकाळी उरकले जाते.

कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे काम आहे आणि ते सणाच्या दिवशी सुरू होत नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला पाच हजार आणि उच्च प्राथमिकला दहा हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. यातला वाटा गावच्या सुताराकडून विटीदांडू, लेझीम, गेडी घेण्यास खर्चावा, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येतो. समितीत पालकांचे बहुमत असते, हे पालकांनाच ठाऊक नसते. वनखात्याने आगारातील लाकडाच्या लहान लाटा कारागिरांसाठी राखून ठेवाव्यात, ही मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे नेली पाहिजे. कारागिरांच्या नोंदणीचे शिबिर देवरीत घ्यावे, तेथे आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. नोंदणीचे अर्ज पक्षाच्या तालुका कार्यालयात बसून भरून द्यावेत. आणि हे सारे उन्हाळ्यात, लाकूड सुकण्याच्या दिवसांत व्हावे लागेल. आषाढात जागे झालेल्याला श्रावणात ओल्या लाकडाचाच नंदी मिळतो आणि दिवाळीपूर्वी त्याचा पाय तडकतो.