तबकडीचा पुरावा आणि माणसाचा न्याय

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी जत गावी आम्ही लहान होतो, तेव्हा एकच आवाज दोन निरनिराळ्या कर्ण्यांतून ऐकू येत असे. १४ एप्रिलच्या पहाटे आमच्या वस्तीत तो भीमगीते गाई आणि एरवी पलीकडच्या आळीत कोणाकडे पूजा असली म्हणजे तोच आवाज सत्यनारायणाची कथा सांगे. तो आवाज प्रल्हाद शिंदे यांचा होता.

आज जुन्या तबकड्या जमविणाऱ्या मंडळींत या गायकाविषयी वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, "आमच्या कपाटात पाहा. पंढरी, अंबाबाई, सत्यनारायण हेच जास्त. तेव्हा शिंदे हे भक्तिगीतांचे गायक. भीमगीते हा आनुषंगिक भाग." दुसरा पक्ष आमच्याच तरुणांचा. तो संतापून म्हणतो, "बुद्धाला शरण गेलेल्या समाजातील ज्या माणसाने पैशासाठी विठ्ठल गायिला, त्याचे नाव आमच्या व्यासपीठावर नको."

आमचे म्हणणे असे की, हे दोन्ही पक्ष एकच चूक करीत आहेत. दोघांनीही कपाटाला साक्षीदार मानले आहे. परंतु या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी केली आहे काय?

तबकडीवर काय कोरावयाचे हे गायक ठरवीत नसतो. ते कंपनी ठरविते, आणि कंपनी गिऱ्हाईक पाहते. ज्या काळात ग्रामोफोन ही पैसेवाल्यांच्या घरची वस्तू होती, त्या काळात आमच्या किती झोपड्यांत तो होता? आमचे गाणे चौकात, जयंतीच्या मांडवात, रात्रभर चालणाऱ्या कव्वालीच्या मुकाबल्यांत होत असे. त्यातले बहुतेक हवेत विरून गेले. म्हणून तबकडीने सिद्ध होते ते इतकेच की, विकत घेणारा कोण होता. गाणाऱ्याच्या मनाची साक्ष ती देऊ शकत नाही.

वामनदादा कर्डक यांचेच पाहा. त्यांनी हजारो गीते रचली आणि आयुष्यभर गावोगाव पायपीट करून ती गायिली. बाजारातील तबकड्यांच्या तराजूत त्यांना तोलले तर ते हलके भरतील. म्हणून त्यांना लहान म्हणण्याचे धैर्य कोणी करील काय? १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले आणि त्याच वर्षी २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. एकाचा ठेवा लोकांच्या कंठात राहिला, दुसऱ्याचा बराचसा कंपन्यांच्या कोठारात. अमेरिकेतील निग्रो समाजाचा थोर गायक पॉल रॉबसन याचे पारपत्र तेथील सरकारने १९५० साली काढून घेतले. ते त्याला १९५८ साली परत मिळाले. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांची दारे त्याला बंद होती. त्या वर्षांच्या तबकड्या कमी आहेत म्हणून तो गप्प बसला होता, असे म्हणणे शहाणपणाचे होईल काय?

आता कायद्याकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गीतकाराला व संगीतकाराला हक्क दिला, ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाही दिला; गाणाऱ्याला मात्र काहीच दिले नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या उणिवेकडे बोट दाखविले. तरीही दुरुस्ती होण्यास १९९४ साल उजाडले, आणि व्यापारी वापराबद्दल मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद २०१२ साली आली. ज्या आवाजावर कायद्याने गायकाची मालकीच मानली नव्हती, त्या आवाजाच्या विक्रीचा सगळा दोष गायकाच्या माथी मारणे हा कोणता न्याय?

येथे आम्ही एक गोष्ट स्पष्ट करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील एक अक्षरही आम्ही सैल करू इच्छीत नाही. ज्या कुटुंबाने नुकताच धम्म स्वीकारला आहे, त्याने सत्यनारायणाची कथा घरात लावू नये. ती गोड गळ्यातून आली म्हणून तिचा अर्थ पालटत नाही. देवळाची भिंत बांधणारा गवंडी भक्त ठरत नाही, हे खरे; पण गाणे म्हणजे वीट नव्हे, त्यातले शब्द मनात घर करतात, हेही तितकेच खरे. परंतु गाण्याचा त्याग करणे वेगळे आणि माणसाला वाळीत टाकणे वेगळे. वाळीत टाकण्याची रीत ज्यांची होती, त्यांना सोडूनच आपण बाहेर पडलो ना?

आणि पहिल्या पक्षास आमचा सवाल आहे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तुमच्या देवघरापर्यंत पोचला. त्या आवाजाच्या धन्याला उंबरठ्याच्या आत किती घरांनी घेतले असते? याचे उत्तर द्या, आणि मगच तो गायक तुमचा म्हणा.

बंधुभगिनींनो, कपाटे दुसऱ्यांची आणि निवाडाही दुसऱ्यांचा, ही स्थिती आपणच पालटली पाहिजे. घरातील पेटीत जयंतीच्या, मुकाबल्यांच्या जुन्या कॅसेटी बुरशी खात पडल्या असतील. त्या बाहेर काढा, त्यांची नक्कल करून घ्या. गीत कोणाचे, गायिले कोणी, गाव कोणते, साल कोणते, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा. आणि घरात गाणारा मुलगा वा मुलगी असेल तर करारपत्र वाचल्यावाचून सही करू देऊ नका. आपले गाणे आपण जपले नाही, तर उद्याचा संग्राहक रिकामे कपाट दाखवून म्हणेल की, हा समाज गातच नव्हता.

जय भीम!