आधी प्लग पाहा, मग किक मारा!

सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी होतं, पण पेपरपुरतं. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर रूममेट्स पोट धरून हसल्या. शुद्धलेखन संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र असा आहे की तो मराठीतच लिहायला हवा, कारण तो मला कळला तोच मुळी मराठीत. खरं सांगायचं तर वऱ्हाडीत!

गोष्ट जानेवारीतली. सेमिस्टरची सुट्टी होती आणि मी घरी, नेरला होते. यवतमाळहून अमरावतीकडे निघालं की वाटेत लागतं ते आमचं नेर परसोपंत. कापूस, तूर, सोयाबीन आणि उन्हाळ्यात अंग भाजून काढणारं ऊन, एवढंच लोकांना माहीत असतं. 'विदर्भात कसली आलीय थंडी?' असं विचारणाऱ्या हॉस्टेलमधल्या मित्रमैत्रिणींनी एकदा जानेवारीत पहाटे पाचला आमच्या अंगणात स्वेटरशिवाय उभं राहून दाखवावं!

त्या दिवशी अमरावतीला माझ्या आजीचं, म्हणजे मम्मीच्या आईचं, मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं. मम्मीला पहाटेची एसटी पकडायची होती. पप्पा बाहेरगावी. घरात होती ती आबांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. आबा म्हणाले, "मी येतो सोडायला." मी म्हटलं, "आबा, तुम्ही झोपा. मी मेकॅनिकलला आहे!"

चोक ओढला. किक मारली. नाही. दुसरी, पाचवी, दहावी. नाही. चोक अजून ओढून धरला, ॲक्सिलरेटर पिळला, पुन्हा किक. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला होता, पण मला वाटलं, वास येतोय म्हणजे पेट्रोल येतंय, म्हणजे आता होईलच चालू! मग स्कूटर आडवी करून झाली. पुन्हा वीस-पंचवीस किका. आबा ओट्यावरून म्हणाले, "थांब जरा, दम धर." मी ऐकलं नाही. शेवटी आम्ही दोघी पिशव्या घेऊन पायीच स्टँडकडे धावत सुटलो. एसटी गेलेली होती.

पुढची गाडी मिळून मम्मी पोचेपर्यंत आजीला आत नेलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, देवाची कृपा. पण मामा नंतर सांगत होता की आत जाताना आजीने दोनदा विचारलं, "माही पोरगी आली का?" मम्मी मला एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागलं.

आता ऐका गंमत. याच्या महिनाभर आधी माझी आय. सी. इंजिन्सची ओरल झाली होती. 'पेट्रोलसाठी हवा आणि इंधनाचं आदर्श प्रमाण किती?' उत्तर: वजनाने १४.७ ला १. 'कोल्ड स्टार्टला रिच मिक्श्चर का लागतं?' तेही उत्तर धाडधाड दिलं. मार्क उत्तम. आणि महिनाभराने त्याच कोल्ड स्टार्टने मला भर अंगणात नापास केलं.

दहाच्या सुमारास आबांनी चौकातल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी स्कूटरला हातही न लावता आधी वास घेतला आणि म्हणाले, "ओव्हर झाली हे." मी मनात म्हटलं, ओव्हर म्हणजे संपली? गेम ओव्हर? कॉन्व्हेंटचं इंग्लिश असं दगा देतं! ओव्हर होणे म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त होणे, हे नेरमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पुस्तकातलं 'फ्लडिंग' ते हेच.

"किती किका मारल्या वं पोरी?"

"मोजल्या नाही काका."

"प्लग पायला होता?"

"नाही."

"मंग किका कायच्या भरोशावर मारल्या? तिले तहान नोती लागली, तिचं पोट फुगलं होतं. अन् तू तिले अजून पाजून राह्यली होती!"

त्यांनी पेट्रोलची कॉक बंद केली, चोक आत ढकलला, साईडचं कव्हर काढलं आणि प्लग पान्याने प्लग बाहेर काढला. काळा आणि ओलाचिंब. इंजिनाला ठिणगी मिळू नये म्हणून आधी स्विच बंद असल्याची खात्री केली आणि बिडीवाल्या शेजाऱ्याला चार पावलं लांब पिटाळलं. मग ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका. प्लगच्या भोकातून पेट्रोलची चक्क फवारणी झाली! प्लग पुसला, पॉलिश पेपरने टोकं घासली, परत बसवला. चोक नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा. तिसऱ्या किकला धुराचा लोट आणि स्कूटर चालू. एकूण वेळ दहा मिनिटं.

मित्रांनो, या दहा मिनिटांत माझं सेमिस्टरभराचं थिअरी पहिल्यांदा जागेवर बसलं. थंडीत पेट्रोलचा हलका भाग तेवढा वाफ होतो, बाकीचं थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटून राहतं. इंजिन पेटतं ते वाफेवर, थेंबांवर नाही. म्हणून चोक लागतो. गाडीप्रमाणे तो हवा कमी करतो किंवा जास्तीचं पेट्रोल सोडतो, म्हणजे निदान पेटण्यापुरती वाफ तयार होते. पण पहिल्या काही किकांत इंजिन पेटलं नाही तर प्रत्येक पुढची किक नवं पेट्रोल आत ओढते. प्लग भिजतो. ओल्या, काजळी धरलेल्या प्लगवर ठिणगी नीट पडत नाही. ठिणगी नाही म्हणून पेटत नाही, पेटत नाही म्हणून आपण अजून किक मारतो, आणि प्लग अजून भिजतो.

टू-स्ट्रोकमध्ये तर हे दुखणं जास्त चिवट. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जातं. टू-स्ट्रोकमध्ये ते आधी खाली क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून पोर्टमधून वर चढतं. जास्तीचं पेट्रोल क्रँककेसच्या तळाशी साचून बसतं. त्यामुळे नुसता प्लग कोरडा करून भागत नाही, तळाचं पेट्रोल बाहेर पडेपर्यंत तो पुन्हा पुन्हा भिजतो. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून भरपूर हवा आत घ्यायची ती त्यासाठी.

आणि स्कूटर आडवी करायचं काय? आपल्या बहुतेकांच्या वडिलांनी ते केलेलं आहे. मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "ते कोरड्या प्लगाचं औषध हाय, वल्ल्याचं नाही." विचार केला तर बरोबरच आहे. गाडी आडवी केली की फ्लोट हलतो आणि जास्तीचं पेट्रोल पुढे जातं. पेट्रोल पोचतच नसेल तर फायदा. आधीच ओव्हर झालेली असेल तर आगीत तेल, किंवा पेट्रोलात पेट्रोल म्हणा! बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात: गाडी चालू होत नाही. पण औषधं एकदम उलटी. फरक सांगणारी एकच वस्तू, प्लग. कोरडा असेल तर पेट्रोल का येत नाही ते शोधा. ओला असेल तर पेट्रोल बंद करा. आणि रोजच ओव्हर होत असेल तर फ्लोटच्या निडलखाली कचरा अडकलाय का, फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल भरलंय का, चोक अर्धवट अडकून राहतो का, ते बघा. आमच्या स्कूटरच्या निडलखाली खरंच बारीक कचरा निघाला.

यावर आमचे काही स्टाफ मेंबर्स आणि सीनिअर्स म्हणतील, 'अगं, कार्ब्युरेटर मेला. त्याचं काय घेऊन बसलीस?' मुद्दा रास्त आहे. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच साली कायनेटिकची लुना. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. तो जमाना गेला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. खुद्द चेतकसुद्धा आता इलेक्ट्रिक आहे! मग हा लेख म्हणजे आठवणींचा उमाळा आहे का?

मला तसं वाटत नाही. कारणं सांगते.

पहिलं कारण. नेरमधल्या कृषी केंद्रात जा. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप बघा. टू-स्ट्रोक इंजिन, कार्ब्युरेटर, दोरी ओढून स्टार्ट. आजही नवा मिळतो. तो ओव्हर झाला की शेतकरी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतो आणि फवारणीची सकाळ वाया जाते. हे फक्त आपल्याकडचंच नाही. काश्मीरमध्ये गुलमर्गला बर्फावर स्नोमोबाईल चालतात. कॅनडासारख्या थंड देशांतही त्या चालतात. त्यातल्या जुन्या गाड्या बहुतेक टू-स्ट्रोक आणि कार्ब्युरेटरवाल्या. शून्याखालच्या थंडीत त्या ओव्हर झाल्या की तिथला माणूसही हेच करतो: पेट्रोल बंद, चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग काढून कोरडा. नेरचे मिस्त्रीकाका आणि कॅनडातला मेकॅनिक एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण फिजिक्स दोघांचं एकच.

दुसरं कारण. पेट्रोल बदललंय. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत स्टार्ट व्हायला वेगळी छोटी पेट्रोलची टाकी द्यावी लागली होती. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण इथेनॉल गृहीत न धरता बनवलेल्या जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि महिनोन्महिने उभी राहणारी स्कूटर यांच्याकडे लक्ष द्यावंच लागेल.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. परत आल्यावर मी फ्युएल इंजेक्शनबद्दल वाचत बसले होते. अनेक इंजेक्शनच्या गाड्यांत 'क्लिअर फ्लड मोड' नावाची सोय असते. स्टार्टर फिरवताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर कॉम्प्युटर समजतो की इंजिन ओव्हर झालंय, आणि इंजेक्टर बंद करून फक्त हवा आत सोडतो. मी वाचता वाचता उडालेच! हे तर मिस्त्रीकाकांचंच औषध, फक्त सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलं. म्हणजे उद्या तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या इंजिनिअरलाही ओला प्लग काय असतो ते माहीत असावं लागतं. कार्ब्युरेटर जाईल, निदान करणं जाणार नाही. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली तरी बॅटरी, मोटर की कंट्रोलर, हे कुणीतरी शोधावं लागणारच.

आपल्याला निदान शिकवत नाहीत, उत्तर शिकवतात, ही माझी तक्रार आहे. आपल्या लॅबमध्ये इंजिनाचं कट-सेक्शन मॉडेल आहे. छान लाल-निळा रंग दिलेला. ते बिघडत नाही, म्हणून काही शिकवतही नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल सीनिअरचं बघून पूर्ण होतं. वीसेक वर्षांची आपण मुलं, एकदाही हात काळे न करता मेकॅनिकल इंजिनिअर होतो.

म्हणून डिपार्टमेंटला तीन नम्र सूचना. एक, भंगारातून एक टू-स्ट्रोक स्कूटर आणून चालू स्थितीत ठेवावी. सरांनी किंवा मॅडमनी तिच्यात मुद्दाम बिघाड करून ठेवावा आणि आम्ही तो शोधावा. ओरलचे दहा मार्क त्याला द्यावेत. दोन, वर्षातून एकदा गावातल्या अनुभवी मिस्त्रींना वर्कशॉपमध्ये बोलवावं, पाहुण्या लेक्चररसारखं, मानधन देऊन. फुकटात नको. तीन, ओरलमध्ये कुणी 'फ्लडिंग'ऐवजी 'ओव्हर झाली' म्हटलं तर हसू नये. त्याला बहुधा आपल्यापेक्षा जास्त कळलेलं असतं.

सिलॅबस मोठा, वेळ कमी, हे मला माहीत आहे. पण दोन तासांचं एक प्रॅक्टिकल बसणार नाही एवढाही कमी नाही.

आणि हॉस्टेलवाल्यांनो, थोडं आपल्यालाही लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पार्किंगमध्ये सेकंडहँड गाड्यांवर जो किकांचा पाऊस पडतो, तो मी खिडकीतून बघते. गाडीवर राग काढून ती चालू होत नाही. सबमिशनला उशीर होत असेल तर तेव्हाच थांबायला हवं. मीही त्या पहाटे दहाव्या किकला थांबले असते तर मम्मीला एसटी मिळाली असती.

सुट्टी संपवून निघताना आबांनी त्यांचा जुना प्लग पाना माझ्या बॅगेत टाकला. सध्या तो माझ्या टेबलावर ड्रॉईंगच्या सामानात असतो. कुणाची गाडी सकाळी ओव्हर झाली तर गर्ल्स हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा, पाना मिळेल. अट एकच: मी येईपर्यंत किक मारायची नाही.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल