रेकॉर्ड ऐकवताय? मग सगळी ऐकवा

'संगीताला जात नसते' असं कोणी म्हणालं की मी आधी त्याचं आडनाव विचारून घेतो. सहसा अंदाज चुकत नाही. हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा कानावर आलं ते जॅझ आणि ब्लूजच्या बैठकांत. मोठ्या शहरांत अशा बैठका भरतात. दहा-पंधरा रसिक जमतात, एकेक जण आपली लाडकी रेकॉर्ड पिशवीतून काढतो, लावतो, बाकीचे डोळे मिटून माना डोलावतात. मीही जातो. ह्या संगीतावर माझा जीव आहे आणि चार रेकॉर्डी माझ्याही पिशवीत असतात. तेव्हा भांडण ऐकण्याशी नाही. ऐकवण्याच्या ह्या रीतीशी आहे.

सोवळं तर बघा. रेकॉर्ड कडेला धरा, मधे शिवू नका, बोट लागलं तर डाग पडेल! आणि त्या तबकडीवर गाणारी कोण? बिली हॉलिडे. १९३८ साली आर्टी शॉ या गोऱ्याच्या बँडबरोबर ती न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात गायची, तेव्हा तिला गिऱ्हाइकांच्या लिफ्टने वर जायची बंदी. मालाच्या लिफ्टने जा म्हणाले. हॉटेलचं नाव काय, तर लिंकन! आज तिच्या आवाजाला बोट लावायचं नाही, आणि ती जिवंत होती तेव्हा तिला मालाबरोबर चढवायचं.

ह्या रसिकांना माहिती कमी आहे असं समजू नका. दुसऱ्या टेकला ड्रमवर कोण होता, पहिलं प्रेसिंग कोणतं, मोनो चांगलं का स्टिरिओ, सगळं तोंडपाठ. पाठांतर ह्यांच्या रक्तातच आहे. पण हे गाणं कोणाच्या पाठीवरचा वळ आहे असं विचारलं की लगेच नादब्रह्म सुरू.

'काइंड ऑफ ब्लू' वाजल्याशिवाय अशी बैठक उठत नाही. माइल्स डेव्हिसची ही लाँगप्ले १७ ऑगस्ट १९५९ ला बाजारात आली. २५ ऑगस्टच्या रात्री माइल्स न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबात वाजवत होता. मधल्या वेळात एका गोऱ्या बाईला टॅक्सीत बसवून दिलं आणि दाराबाहेर सिगरेट ओढत उभा राहिला. डोक्यावर पाटी, पाटीवर त्याचंच नाव. पोलीस आला नि म्हणाला, चल, पुढं हो. हा म्हणाला, मी इथं काम करतो. त्यावर डोकं फुटलं, टाके पडले, आणि वर अटक ह्यालाच. रेकॉर्ड बाजारात येऊन आठवडा झाला होता. हे मी एका बैठकीत सांगितलं तर एक सद्गृहस्थ म्हणाले, "ते वाईटच झालं हो, पण त्याचा ह्या संगीताशी संबंध काय?"

संबंध काय! त्या तुतारीत जो ताठरपणा आहे, प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवण्याची जी त्याची रीत होती, तिला तुम्ही 'स्टाईल' म्हणता. आमच्या वस्तीतला कुठलाही पोरगा सांगेल ती काय आहे ते. पोलिसाने विनाकारण हटकलेला माणूस तो लांबूनही ओळखतो.

आता बेसी स्मिथ. १४ जानेवारी १९२५ ला तिने कोलंबिया कंपनीसाठी 'सेंट लुईस ब्लूज' गायलं. तीनच माणसं. बेसी, कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, आणि फ्रेड लाँगशॉ हार्मोनियमवर. होय, हार्मोनियम! आपल्या नाटकवाल्यांची पायपेटी असते त्या जातीची. मायक्रोफोन नाही, भोंग्यात तोंड घालून गायचं. ती एक ओळ टाकते नि कॉर्नेट झील धरतो. गोंधळ-तमाशात झीलकरी मागून ओढतो ना, अगदी तसा. ही रेकॉर्ड मी वस्तीतल्या एका म्हाताऱ्या शाहिराला ऐकवली. इंग्रजीचा गंध नाही. ऐकून म्हणाला, "बाई खमकी हाय. आन् त्यो मागचा तिला सोडीत न्हाई." बैठकीतल्या सगळ्या समीक्षकांपेक्षा हा म्हातारा पुढे गेला.

बेसीच्या १९२३ च्या पहिल्याच रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. कंपनीने तिच्याशी करार केला तो बाजूमागे ठरावीक रकमेचा. रॉयल्टीचं कलम नाही. खपो लाखांनी, तुझी मजुरी तेवढीच. २६ सप्टेंबर १९३७ ला मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या दवाखान्याने दार लावलं म्हणून मेली, ही गोष्ट पुष्कळ वर्षं सांगितली गेली, अजूनही हळहळून सांगतात. ती खरी नाही. तिला क्लार्क्सडेलच्या काळ्यांच्या दवाखान्यातच नेलं. ॲम्ब्युलन्स गोऱ्यांच्या दाराशी वळलीच नाही, वळायचा प्रश्नच नव्हता. गावात पाणवठे दोन असले की कोणी कोणाला हाकलावं लागत नाही, मित्रांनो. रसिकाला हाकलल्याची गोष्ट आवडते, कारण तिच्यात एक दुष्ट डॉक्टर सापडतो नि बाकीचं गाव सुटतं.

तिच्या कबरीवर तेहेतीस वर्षं दगड नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये बसला. पैसे दोघींनी दिले. एक जॅनिस जॉप्लिन, गोरी रॉक गायिका. दुसरी जुआनिटा ग्रीन, काळी. लहानपणी ती बेसीच्या घरची फरशी पुसायची. कोलंबियाने रेकॉर्डी विकल्या आणि दगड बसवला तो फरशी पुसणाऱ्या पोरीने. बैठकीत जॉप्लिनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. ग्रीनबाईचं मी विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

कंपन्यांचं एक बाड वेगळंच आहे. १९२० साली मामी स्मिथच्या 'क्रेझी ब्लूज'ने धंदा कळला. काळी माणसंसुद्धा रेकॉर्ड विकत घेतात, पोटाला चिमटा काढून घेतात! मग 'रेस रेकॉर्ड' म्हणून वेगळी यादी, वेगळे आकडे. म्हणजे तबकड्यांचा महारवाडा. ह्यातली सगळ्यात गाजलेली कंपनी पॅरामाउंट. ती कोणाची? विस्कॉन्सिनच्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. कारखाना ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या करायचा, पेट्या खपाव्यात म्हणून रेकॉर्डी. मा रेनी, ब्लाइंड लेमन जेफरसन, चार्ली पॅटन, स्किप जेम्स ही सगळी माणसं खुर्चीवाल्याने लाकूड खपवायला गायला लावली. माल हलका, आवाज खरखरीत. मंदी आली, कारखान्याने हा उद्योग बंद केला. आज त्याच खरखरीला रसिक 'अस्सल' म्हणतो. २०१३ साली टॉमी जॉन्सनची पॅरामाउंटची एक तबकडी ३७,१०० डॉलरला गेली. टॉमी जॉन्सन १९५६ सालीच मेलेला. ह्याला रेकॉर्ड जपणं म्हणा, पण मग सावकारी कशाला म्हणायचं?

हे संगीत आपल्याकडे ह्यांच्याच हातात कसं पडलं तेही बघा. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात काळे अमेरिकन वादक वाजवायचे, साहेब आणि संस्थानिक नाचायचे. टेडी वेदरफर्डसारखा पियानोवाला १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने मेला, तो इथल्याच मातीत राहिला. गोव्याच्या वादकांनी हे वाजवणं उचललं, हिंदी सिनेमात नेलं. 'अलबेला'त चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन पडद्यावर दिसतो तो त्यातलाच. पण हॉटेलाच्या पुढच्या दाराने आलेली वस्तू हॉटेलवाल्यांचीच समजली गेली. खरं तर न्यू ऑर्लिन्सचं हे वाजवणं म्हणजे वरातीचं नि मयताचं बँडवाल्यांचं वाजवणं. आर्मस्ट्राँग कॉर्नेट नीट शिकला तो पोरांच्या सुधारगृहाच्या बँडमध्ये. आपल्याकडे लग्नात बँड, सनई, हलगी कोण वाजवतं आणि पंगतीत त्याला कुठं बसवतात, हे मी सांगायला पाहिजे काय?

आता आपल्यांकडे वळतो. इथं जरा कान टोचायचे आहेत.

१९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली. त्याच्या कितीतरी आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डुबॉइसना पत्र लिहिलं होतं. नातं जुनं आहे, कागदोपत्री आहे. पण त्यांच्याकडून आपण पुस्तकं घेतली, घोषणा घेतल्या, जाहीरनामा घेतला. गाणी नाही घेतली. ती त्यांच्या कपाटात राहिली. मी शिबिरात रेकॉर्ड लावायची गोष्ट काढतो तेव्हा एखादा कॉम्रेड ठरलेला असतो. "ह्या रडगाण्यांनी क्रांती होणार काय? दारू, बाया नि रेल्वे. आपल्याकडं वामनदादा हायेत की!"

वामनदादा कर्डक आहेतच. त्यांच्यावाचून आपण उभे राहिलो नसतो. पण वामनदादा ऐकणाऱ्याला बेसीही कळते, ती ऐकायला त्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही. आणि रडगाणं? बेसीने १९२८ साली 'पुअर मॅन्स ब्लूज' रचून गायलं, त्यात ती श्रीमंताला समोर उभा करून जाब विचारते. त्याच साली 'वॉशवुमन्स ब्लूज', धुणीवालीचं. आपल्या किती कवींनी धुण्याभांड्याच्या बाईला तिच्या स्वतःच्या आवाजात बोलू दिलं, मोजा.

खरी अडचण दुसरीच आहे आणि ती आपण तोंडावर बोलत नाही. ह्या बाया नवऱ्याच्या मारझोडीबद्दल गातात, मीही मारीन म्हणतात, शरीराबद्दल गातात. मा रेनीने १९२८ साली बाईवर जीव असलेल्या बाईचं गाणं रेकॉर्ड केलं, लपवाछपवी न करता. आपले काही कार्यकर्ते हे ऐकून खाली बघतात. मग म्हणतात चळवळीला शोभत नाही. अँजेला डेव्हिस चळवळीची नव्हती काय? ती तुरुंगात जाऊन आली, आणि १९९८ साली तिने अख्खं पुस्तक लिहिलं ते मा रेनी, बेसी आणि बिलीवर. गुलामी सुटल्यावर काळ्या माणसाला पहिल्यांदा काय मिळालं? जमीन नाही मिळाली, मत राहिलं नाही. कुठं जायचं नि कोणावर प्रेम करायचं, एवढं मिळालं. म्हणून त्या गाण्यांत रेल्वे आणि माणूस. ज्याला हे 'बाया' वाटतं त्याने आपल्या घरातल्या बाईला एकदा विचारावं.

हलगीचा मुद्दा येतो तोही रास्त आहे. आपल्या बापजाद्यांनी हलगी टाकली, कारण ती हुकमाची होती, पाटलाच्या दारची होती. टाकली ते बरंच केलं. ब्लूजलाही देवळात जाणारी काळी माणसं सैतानाचं गाणं म्हणायची, पोरांच्या हातातली गिटार हिसकायची. पण हे गाणं मालकाच्या हुकमाचं नव्हतं. शनिवारी रात्री, आठवडाभर कापूस वेचून झाल्यावर, आपल्याच माणसांत म्हटलेलं होतं. हुकमाचं वाजवणं टाकून द्यावं, स्वतःचं का टाकायचं?

तेव्हा ऐकवा. आता बापाची इस्टेट लागत नाही, मोबाइलवर सगळं आहे. पण गाण्याबरोबर बाकीचंही ऐकवा. मी एक करतो. रेकॉर्ड लावण्याआधी पाच मिनिटं बोलतो. गाणारा कुठला, कामधंदा काय, पैसे कोणाच्या खिशात गेले. लेडबेलीचं उदाहरण घ्या. १९३३ साली लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात लोमॅक्स बापलेकांनी त्याचं गाणं टिपलं. पुढच्या वर्षी सुटला. १९३५ च्या न्यूजरीलमध्ये ह्या सुटलेल्या माणसाला पुन्हा कैद्याचे कपडे चढवून उभा केला, गोऱ्या प्रेक्षकांना तसाच पाहिजे म्हणून. १९४९ च्या डिसेंबरात मेला. १९५० साली त्याचं 'गुडनाइट आयरीन' दुसऱ्यांनी गायलं आणि ते अमेरिकेत आठवडेच्या आठवडे पहिल्या नंबरवर. हे सांगून मी त्याचं 'बूर्झ्वा ब्लूज' लावतो. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्याला काळा म्हणून खोली मिळेना. हे बूर्झ्वा गाव आहे असं कोणीतरी म्हणालं. ह्याने तो शब्द पहिल्यांदाच ऐकला नि त्याचं गाणं केलं. (आपल्या अभ्यासवर्गांत हा शब्द वर्षानुवर्षं पडून आहे, एक कडवं झालं नाही.) बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेतून काढलं, ते पोरांना पाठ असतं. रेकॉर्ड संपेपर्यंत कोणी हलत नाही.

आणि बिलीचं 'स्ट्रेंज फ्रूट' चहाबरोबर लावू नका. ते गाणं झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांचं आहे. ब्रॉन्क्सच्या एका ज्यू मास्तराने, एबेल मीरोपोलने लिहिलं. कोलंबियाने रेकॉर्ड करायला नकार दिला, एप्रिल १९३९ मध्ये कमोडोर ह्या लहान कंपनीने केलं. न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी'त ती हे शेवटी गायची. वेटरांनी काम थांबवायचं, दिवे बंद, फक्त तिच्या तोंडावर उजेड. संपलं की अंधार, आणि ती परत यायची नाही, टाळ्या कितीही वाजोत. मी गेलो होतो त्या बैठकीत मधेच कोणीतरी बटाटेवडे फिरवले. मी सुई उचलली. तेव्हापासून तिथलं बोलावणं बंद आहे, ठीक आहे.

पुढच्या शिबिरात मिंगस. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी पोरं जाऊ नयेत म्हणून गव्हर्नर फॉबसने फौज उभी केली. मिंगसने त्याच्यावर गाणं रचलं. १९५९ साली कोलंबियाने फक्त वाजवू दिलं, शब्द नकोत म्हणाले. १९६० साली कँडिड कंपनीत त्याने शब्दांसकट केलं. दोन्ही रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. आधी पहिली लावीन, मग दुसरी. ज्यांना यायचं त्यांनी यावं, वडे बाहेर खाऊन.