पंपाचे तेल कोणत्या शीर्षाखाली?

मार्च सरला की लेखापरीक्षणाचे आक्षेप येतात आणि पाठोपाठ आमच्याकडे पत्रे. राळेगाव, कळंब, बाभूळगाव, मारेगाव या पट्ट्यातून आलेल्या पत्रांत यंदा एकच तक्रार पुन्हापुन्हा आहे: रोटरी पंपाच्या तेलाचे बिल नामंजूर झाले. एका प्रयोगशाळा सहायकाने तर आक्षेपाची प्रतच जोडली आहे. त्यांनी दोन पंपांसाठी चार लिटर व्हॅक्यूम ऑईल घेतले. बिलावर ‘ऑईल’ हा शब्द दिसताच लेखाशाखेने ते पेट्रोल, तेल, वंगण या शीर्षाखाली टाकले. पुढे लेखापरीक्षकाने वाहन क्रमांक आणि लॉगबुक मागितले. संस्थेकडे वाहनच नाही, सबब खर्च अमान्य, रक्कम संबंधिताकडून वसूल करावी, असा शेरा पडला. संबंधित म्हणजे ज्याने पंप बंद पडू नये म्हणून धडपड केली तोच माणूस.

या शेऱ्यावर आम्ही गप्प बसणार नाही. रोटरी व्हेन पंपातले तेल नुसते वंगण नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको, पण लेखाशाखेला लेखी सांगावे लागेल. व्हेन आणि स्टेटर यांच्यामधली फट तेच बुजवते, दाबलेली हवा बाहेर पडताना उरणारी मोकळी जागा तेच भरते, घर्षणाची उष्णता तेच बाहेर आणते आणि द्रावकाची वाफ शोषून स्वतः खराब होते. दोन टप्प्यांचा पंप 10⁻³ मिलिबारपर्यंत उतरतो तो या तेलाच्या जोरावर. म्हणजे ते अभिकर्मकासारखेच खर्ची पडणारे प्रयोगशाळा साहित्य आहे. गाळणकागद आणि इथाइल ॲसिटेट ज्या शीर्षाखाली जातात, त्याच शीर्षाखाली ते गेले पाहिजे. मागणीपत्रात, दरपत्रकात आणि बिलात ‘निर्वात पंपासाठी उपभोग्य द्रव, प्रयोगशाळा साहित्य’ असे लिहून घ्या. पुरवठादार नाही म्हणत नाहीत. नुसते ‘ऑईल’ लिहिलेले बिल यापुढे स्वीकारू नका.

अशा आक्षेपाचा परिणाम त्या चार लिटरांवर थांबत नाही. एकदा वसुलीची भीती बसली की पुढचा सहायक तेल बदलायचेच टाळतो. काच बघतो, तेल तांबूस झालेले दिसते, दुधाळ झालेले दिसते, तरी पंप चालतो आहे ना, म्हणून पुढे ढकलतो. गेल्या हिवाळ्यात एका प्रयोगशाळेत आमच्यासमोर असा पंप उघडला. ड्रेन प्लग सैल केला तर आधी काहीच आले नाही. मग काळा, डांबरट गाळ थेंबाथेंबाने पडू लागला आणि खोलीभर द्रावकाचा वास सुटला. व्हेन खाचांमध्ये चिकटल्या होत्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची पट्टी गंजून तुटली होती. दोन लिटर तेल आणि तासाभराचे काम वेळेवर झाले असते तर तो पंप आणखी कित्येक वर्षे चालला असता. आता तो निर्लेखनाच्या यादीत आहे आणि नव्या पंपाचा प्रस्ताव वर गेला आहे. नवा पंप मंजूर होईलही, कारण यंत्र घ्यायला योजना असते. ते राखायला नसते. बाराव्या योजनेबरोबर 2017 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयांना मिळणारे योजनांतर्गत पैसे आटले. वेतनेतर अनुदानाची अवस्था प्रत्येक प्राचार्य जाणतो. त्यात विद्यापीठे आणि सरकारी निधीवरच्या संशोधन संस्था यांना उपकरणांवर 5 टक्के जीएसटीची जी सवलत होती, ती 18 जुलै 2022 पासून गेली. लाखाच्या पंपावर पूर्वी 5 हजार कर लागे, आता 18 हजार लागतो. नवा पंप इतका महागल्यावर जुना जपण्यातच शहाणपण आहे, आणि नेमकी त्या जपण्याचीच बिले अडतात.

दुरुस्तीची वाट याहून बिकट आहे. तीन दरपत्रके आणा, असे कार्यालय सांगते. पंप न उघडता कोणी दर देत नाही. उघडायला माणूस नागपूरहून, कधी पुण्याहून येतो आणि भेटीचे पैसे मागतो. भेटीचे पैसे कार्यादेशाशिवाय देता येत नाहीत आणि कार्यादेश तीन दरपत्रकांशिवाय निघत नाही. सुटे भाग मात्र एकाच कंपनीचे बसतात, तेव्हा दुसरे आणि तिसरे दरपत्रक कोणाचे आणायचे? केंद्र सरकारने जून 2025 मध्ये आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी विनादरपत्रक खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर नेली. राष्ट्रीय प्रयोगशाळांना दिलासा मिळाला, याचा आनंद आहे. तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयाला दोन लाख नकोत. उच्च शिक्षण विभागाने पंपाचे तेल, सील, व्हेन, फिल्टर आणि भेटशुल्क एवढ्यापुरती एक छोटी मर्यादा प्राचार्यांच्या हाती द्यावी आणि एकाच उत्पादकाचे भाग असतील तिथे उत्पादकाचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे. एका पानाच्या परिपत्रकाने हे होते. ते काढायला कोणाची हरकत असावी, हे आम्हाला कळत नाही.

आता आपल्या घरातले. अधिकाऱ्यांवर बोट ठेवताना आपली शिस्त तपासायला नको का? गॅस बॅलास्ट व्हॉल्व्ह कधी उघडलाच नाही असे सांगणारी पत्रे आमच्याकडे आहेत. पावसाळ्यात ओले नमुने ओढल्यावर पंप तसाच बंद केला की पाणी तेलातच राहते. काम संपल्यावर इनलेट बंद करून बॅलास्ट उघडा ठेवून वीस-तीस मिनिटे पंप चालवला तर निम्मे आजार होतच नाहीत. सापळा न लावता रोटरी इव्हॅपोरेटर थेट पंपाला जोडणारेही आहेत. द्रव नत्र आमच्या गावात कुठे मिळणार, असे त्यांचे म्हणणे. मिळते. पशुसंवर्धन खात्याच्या कृत्रिम रेतन केंद्रांना रेतमात्रा टिकवण्यासाठी त्याचा पुरवठा तालुक्यापर्यंत होतोच. त्याच पुरवठादाराकडे आपली मागणी नोंदवता येईल का, हे प्राचार्यांमार्फत विचारून पाहा. मात्र उणे 196 अंशांच्या सापळ्यातून गळती असताना हवा ओढली तर द्रवरूप ऑक्सिजन साचतो आणि सेंद्रिय द्रावकाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो, हे विसरू नका. ज्यांना ही जोखीम नको त्यांनी बर्फ आणि मिठाचा सापळा लावावा. हलकी द्रावके त्यात पूर्ण अडकत नाहीत, पण पाणी आणि अल्कोहोलचा बराच भाग अडकतो.

पंपाऐवजी पाण्याचा ॲस्पिरेटर वापरा, असा सल्ला मध्यंतरी एका बैठकीत दिला गेला. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा सल्ला टिकत नाही. ॲस्पिरेटर पाण्याच्या बाष्पदाबाखाली उतरू शकत नाही. पाणी 20 अंशांवर असेल तर साधारण साडेसतरा मिलिमीटर पारा ही हद्द. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी 35 अंशांवर गेले की हीच हद्द 42 मिलिमीटर होते. शिवाय नळ सतत सोडून ठेवावा लागतो. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर यवतमाळ शहराने जे सोसले, त्यानंतर या जिल्ह्यात पाणी असे वाहू देणे कोणालाच परवडणारे नाही. ॲस्पिरेटर वापरायचाच तर टाकीतले पाणी फिरवणारा घ्या आणि टाकीत बर्फ टाका.

उन्हाळ्याचा फटका तेलाच्या पंपालाही बसतो. बहुतेक उत्पादक भोवतालच्या तापमानाची मर्यादा 40 अंश देतात. आपल्या प्रयोगशाळा एप्रिलपासूनच ती ओलांडतात. तेल पातळ होते, त्याचा बाष्पदाब वाढतो, शाफ्ट सील झिरपू लागते. म्हणून निर्वाताची कामे सकाळी सात ते दहामध्ये उरका. वीज गेली की आधी इनलेट बंद करा, लाइनमध्ये हवा सोडा आणि पंपाचा खटका पाडून ठेवा. नाहीतर तेल उलट नळीत चढते आणि वीज परतली की कोणी बघत नसताना पंप आपोआप सुरू होतो.

आणि प्रत्येक बिघाडासाठी नागपूरकडे पाहू नका. मोटार जळली, कपॅसिटर गेला, बेअरिंग वाजू लागले तर ही कामे राळेगावच्या बाजारात होतात. कपाशीच्या या मुलखात शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करणारे कारागीर अर्ध्या अश्वशक्तीची एकफेजी मोटार सहज भरून देतात. पुष्कळ पंपांचे शाफ्ट सीलही प्रमाणित मापाचे असते आणि बेअरिंगच्या दुकानात मिळते. द्रावकाचे काम असेल तर तेवढे व्हिटॉनचे मागवा. व्हेन आणि व्हॉल्व्ह मात्र मूळ उत्पादकाचेच घ्या. काढलेले तेल नालीत ओतू नका. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियाकाराला द्या आणि पावती फाईलला लावा.

बंधूंनो आणि भगिनींनो, आता पत्रे लिहून भागणार नाही. प्रत्येक पंपाला एक वही लावा: चालू केल्याची आणि बंद केल्याची वेळ, काय ओढले, तेलाचा रंग, तेल बदलल्याची तारीख. लेखापरीक्षकाने लॉगबुक मागितले तर हीच वही पुढे ठेवा. ज्यांचे बिल नामंजूर झाले आहे त्यांनी अनुपालन अहवालात तेलाचे काम काय ते वरच्याप्रमाणे लिहावे, सोबत उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेतले पान साक्षांकित करून जोडावे आणि वसुलीची रक्कम मुकाट्याने भरू नये. शेजारच्या महाविद्यालयांनी मिळून वीस लिटरचा डबा मागवावा आणि पुरवठादाराकडून ज्याच्या त्याच्या हिश्श्याचे वेगळे बिल घ्यावे. पिरानी गेज ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो कपाटात ठेवू नये, तालुक्यात फिरू द्यावा.

आक्षेपाची प्रत, पंपाचे मॉडेल, तेलाची क्षमता आणि शेवटच्या तेलबदलाची तारीख पुढच्या अंकापूर्वी आमच्याकडे पाठवा. नाव छापणार नाही. सगळी प्रकरणे एकत्र बांधून आम्ही ती उच्च शिक्षण सहसंचालकांच्या अमरावती कार्यालयात स्वतः नेऊन देणार आहोत. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी पत्रातच तसे कळवावे.