घर चाकांवर असेल तर ‘घरीच राहा’ म्हणजे कुठे?

साथीचा रोग आला की आम्ही डॉक्टर मंडळी पहिला सल्ला देतो तो घरी राहण्याचा. २०२० साली करोना आला तेव्हाही सरकारने, वर्तमानपत्रांनी आणि आम्ही सर्वांनी हेच सांगितले. सल्ला शास्त्राला धरूनच होता. माणसामाणसांतला संपर्क कमी झाला की श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाची साखळी तुटते. परंतु या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्याला तो द्यायचा त्याला चार भिंती, पाण्याचा नळ आणि संडास असलेले घर आहे, असे आपण मानून चालतो. ज्याचे घरच चाकांवर आहे त्याने कुठे राहायचे, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. पुढच्या साथीपूर्वी तो विचारायला हवा, म्हणून आजचा हा लेख.

परदेशात अनेक कुटुंबे मोटारीमागे जोडलेल्या घरात बारमाही राहतात. आपण त्याला कॅरॅव्हॅन म्हणतो. आत बिछाना, छोटे स्वयंपाकघर, कधी संडासही असतो. निवृत्त जोडपी, हंगामी कामे करणारी माणसे अशी गावोगाव फिरत आयुष्य काढतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅन उभ्या करण्याची अनेक मैदाने बंद झाली, आणि या लोकांची पंचाईत झाली. स्वतःचे दार लावून आत बसायला ते तयार होते. अडचण होती ती दार लावल्यावर गाडी उभी कुठे करायची, पाण्याची टाकी कुठे भरायची आणि घाण कुठे रिकामी करायची याची. चाकांवरचे घर वरवर स्वतंत्र दिसते, पण दर दोन-चार दिवसांनी त्याला जमिनीचा आधार घ्यावाच लागतो.

आपल्याकडेही आता अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाड्या उभ्या करण्यासाठी जागा हवी, तिथे पाणी, वीज आणि स्वच्छतेची सोय हवी, हा विचार त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण वाचकहो, आपल्या वसई-विरारच्या पूर्वेकडून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चाकांवरची घरे फार पूर्वीपासून धावत आहेत. आपण त्यांना कॅरॅव्हॅन म्हणत नाही, ट्रक म्हणतो.

ट्रकचे केबिन हे ड्रायव्हर आणि क्लिनर या दोघांचे घर असते. सीटमागच्या फळीवर बिछाना, एका कोपऱ्यात स्टोव्ह, पिठाचा डबा, देवाची तसबीर, खिडकीला वाळत घातलेला पंचा. महिना महिना ही माणसे त्यातच राहतात, जेवतात, झोपतात आणि आजारीही पडतात. कॅरॅव्हॅनमधल्या कुटुंबाला जे लागते तेच यांनाही लागते, म्हणजे उभे राहायला जागा, पाणी, संडास आणि औषध. फरक एवढाच की पर्यटकाच्या सोयीसाठी धोरण निघाले आणि ट्रकवाल्याला आपण अजून सर्व्हिस रोडवरचा अडथळाच समजतो.

टाळेबंदीचे दिवस आठवा. २५ मार्च २०२० पासून देशभर सर्व बंद झाले. मालवाहतुकीतही आवश्यक कोणती आणि अनावश्यक कोणती यावरून गोंधळ होता. २९ मार्चला केंद्राने सर्व प्रकारच्या मालाच्या वाहतुकीला मुभा असल्याचा खुलासा केला. दोन ड्रायव्हर आणि एक मदतनीस, महामार्गावरचे ढाबे, ट्रकदुरुस्तीची दुकाने यांचा स्पष्ट उल्लेख आला तो १५ एप्रिलच्या आदेशात, आणि तो २० एप्रिलपासून लागू व्हायचा होता. म्हणजे गाडी चालवा हे आधी सांगितले, आणि चालवणाऱ्याने जेवायचे कुठे हे तीन आठवड्यांनी. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण चाकावरच्या माणसालाही पोट आणि मूत्राशय आहे हे आपल्याला किती उशिरा आठवते, ते यावरून दिसते.

माझा दवाखाना महामार्गापासून फार लांब नाही. त्या उन्हाळ्यात चिंचोटीपासून खानिवड्यापर्यंत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांतून जी माणसे आली, त्यांतली बरीचशी करोनाची नव्हतीच. लघवीची जळजळ, मूतखडा, उन्हाने आलेला थकवा, वाढलेली साखर आणि रक्तदाब यांचेच रुग्ण अधिक. सोलापूरकडचा पन्नाशीतला एक ड्रायव्हर डोके धरून आला. रक्तदाब १९० वर ११० होता. गोळ्या संपून वीस दिवस झाले होते. पैसे नव्हते असे नाही आणि औषधाचे दुकानही उघडे होते. त्या दुकानाजवळ ट्रक उभा करू देत नव्हते, आणि मालाने भरलेली गाडी सोडून लांब चालत जायची त्याची छाती होत नव्हती. गाडी थांबवायला जागा नसणे हे आजाराचे कारण होऊ शकते, हे वैद्यकीय पुस्तकात लिहिलेले नसते. महामार्गाजवळ दवाखाना टाकला की कळते.

यावर कोणी म्हणेल, डॉक्टर, पण रोग या गाड्यांबरोबरच येतो ना? प्रश्न रास्त आहे. साथ माणसाच्या वाटेनेच प्रवास करते. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि घाबरून शहर सोडणाऱ्या लोकांबरोबर रोग बाहेर गेला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, त्यात रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने हाच कायदा पुन्हा वापरला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून शिरला आणि रेल्वेने देशभर पसरला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटताच लाखो लोक गाव सोडून पळाले, आणि त्यांच्यापैकी कित्येक आपल्याच पश्चिम रेल्वेने पालघर, विरारवरून मुंबईकडे गेले.

तेव्हा तपासणी हवीच. पण तपासणी आणि तिरस्कार यांत फरक आहे. तपासणीला माणूस सामोरा जातो, तिरस्कारापासून पळतो. पुढच्या गावात आपल्याला हाकलतील अशी भीती असलेला ड्रायव्हर ताप सांगणार नाही. पॅरासिटामॉलची गोळी घेऊन गाडी पुढे काढील. खोकला लपवणारा रुग्ण हा उघड खोकणाऱ्या रुग्णापेक्षा समाजाला अधिक धोक्याचा असतो. अनोळखी प्रवाशाविषयीचा संशय कुठल्या थराला जातो हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे, टाळेबंदीत आडमार्गाने सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांचा जमावाने जीव घेतला. ती अफवा मुले पळवणाऱ्यांची आणि चोरांची होती, रोगाची नव्हती. परंतु घाबरलेल्या गावाला वाटसरू शत्रू वाटू लागला की काय होते, याचा तो धडा आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. करोनासारखा रोग बंद जागेत, शिळ्या हवेत, जवळजवळ बसलेल्या माणसांत जास्त पसरतो. एकटा ड्रायव्हर उघड्या खिडकीच्या केबिनमध्ये बसलेला असतो तेव्हा तो आपल्या लोकलच्या डब्यातल्या प्रवाशापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. धोका असतो तो थांब्यावर. मालाची चढउतार, कागदपत्रांची रांग, एकाच टेबलावरचा चहा आणि एकाच गलिच्छ संडासापुढची गर्दी. म्हणजे रोग रोखायचा तर चाके थांबवून उपयोग नाही, थांबे सुधारायला हवेत. माझे म्हणणे थोडक्यात हेच आहे.

चाकांवर राहणाऱ्यांनी, मग ते ट्रकवाले असोत की कॅरॅव्हॅनमधून फिरणारे हौशी पर्यटक, काही पथ्ये पाळावीत.

१) दोघे एका केबिनमध्ये असाल आणि एकाला ताप-खोकला असेल तर दोन्ही बाजूंच्या काचा उघड्या ठेवा आणि दोघेही मास्क लावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या नव्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. उन्हात ती मोठी सोय आहे, परंतु तीच हवा आत फिरवणारे बटण आजारपणात बंद ठेवा व बाहेरची हवा आत घ्या.

२) बंद गाडीत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका, इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे अशी लक्षणे दिसताच ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या.

३) लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका. मूतखड्याचे आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचे ते सरळ आमंत्रण आहे. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्या. चमचा चहाचा घ्यावा.

४) रोजची औषधे नेहमी महिनाभराची जादा बाळगा आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नका. उन्हात ते निकामी होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही असे ठेवा.

५) दर दोन तासांनी खाली उतरून पाच-दहा मिनिटे चाला. तासन्‌तास बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते.

६) दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर प्रत्येक वेळी नव्या साथीवर ढकलू नका. सरकारी केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

७) झोप विकत मिळत नाही. मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ सालीच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा घातली होती. मालकांनी ती कागदावर ठेवू नये. अपुऱ्या झोपेने प्रतिकारशक्ती घटते आणि अपघात होतो तो वेगळाच.

हे झाले त्यांचे कर्तव्य. आता आपले. वसई-विरारच्या हद्दीत महामार्गाकाठी निदान एक कायमचा थांबा असावा. गाड्या रांगेत उभ्या राहतील एवढी जागा, पिण्याचे पाणी, आंघोळीची सोय, रोज धुतले जाणारे संडास, औषधाचे दुकान आणि आठवड्यातून काही दिवस संध्याकाळी बसणारा डॉक्टर एवढे पुरे. जवळच दोन-चार खोल्या अशा असाव्यात की ताप आलेल्या माणसाला आठवडाभर वेगळे राहता येईल, आणि त्याची गाडी व माल सुरक्षित राहील. ही शेवटची हमी सर्वांत महत्त्वाची. मालाची काळजी मिटल्याशिवाय कोणताही ड्रायव्हर तपासणीला येणार नाही. साथ नसेल तेव्हा हीच जागा रक्तदाब, मधुमेह, डोळे आणि क्षय यांच्या तपासणीला वापरता येईल. साथ आल्यावर तंबू ठोकण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

‘परगावच्या लोकांसाठी आपण खर्च का करावा? आमच्याच गल्लीत पाणी दिवसाआड येते,’ असे काही वाचक म्हणतील. तक्रार खोटी नाही. पण हिशेब पुरा मांडावा. टाळेबंदीत आपल्या घरात जे धान्य, तेल, दूध, औषध आले ते कोणाच्या तरी केबिनमधूनच आले. आपल्या वाड्यांतली भाजी आणि फुले बाजारात जातात तीही चाकांवरूनच. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूचा तुटवडा पडला तेव्हा १९ तारखेला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. टँकरची उंची घाटमार्गात अडचणीची होती, म्हणून ती गाडी लांबच्या वाटेने, आपल्या वसईवरून सुरतमार्गे गेली. टँकर भरून महाराष्ट्रात परत आल्यावर रुग्णालयांच्या दारापर्यंत ते नेले ते ड्रायव्हरांनीच.

वसई-विरार हे मुळी वाटेवरचे गाव आहे. खाडी, रेल्वे आणि महामार्ग यांच्यावर ते वाढले. आपल्यातले हजारो लोक रोज पहाटे घर सोडतात आणि रात्री परततात. प्रवासातली तहान आणि अडलेली लघवी काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, येणार हे मात्र नक्की. त्या वेळी आपण पुन्हा ‘घरीच राहा’ म्हणू, आणि म्हणायलाच हवे. तोपर्यंत ज्यांचे घर चाकांवर आहे त्यांना ते घर उभे करायला आपण एक जागा करून ठेवू या. आपापल्या नगरसेवकाला, ग्रामपंचायतीला, औद्योगिक वसाहतीतल्या मालकांना याविषयी एक पत्र लिहा. खर्च एका कागदाचा आहे.