निकालाची वाट पाहताना विद्यापीठाची निवड



बारावीचा निकाल हाती आलेला असतो, प्रवेशपरीक्षाही देऊन झालेली असते, परंतु प्रवेशाची यादी मात्र अद्याप लागावयाची असते. हे मधले काही आठवडे आपल्या कुटुंबांना फार जड जातात. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, मंठा या भागांतील कितीतरी घरांत या दिवसांत एकाच प्रश्नाचा खल चालतो. मुलाला अगर मुलीला घालावयाचे कोठे? जालन्यातच ठेवावे, छत्रपती संभाजीनगरला पाठवावे, की पुण्या-मुंबईचे धाडस करावे? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर विचाराने दिले जात नाही, भीतीने दिले जाते. माझी तक्रार एवढीच आहे व तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

ही भीती ओळखणारे लोक बाजारात पुष्कळ आहेत. यादी लागण्याच्या आधी कोणीतरी गृहस्थ घरी येतो, एखाद्या खाजगी महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक पुढे ठेवतो आणि 'जागा आजच राखून ठेवा, उद्या राहणार नाही' असे बजावतो. माझ्याकडे अशाच प्रकारे पोळलेले एक कुटुंब आले होते. बापाने व्याजाने पैसे काढून पहिला हप्ता भरला, मुलाची मूळ प्रमाणपत्रे त्या संस्थेच्या कपाटात गेली, आणि पुढे सरकारी यादीत त्याच मुलाचे नाव चांगल्या महाविद्यालयात लागले तेव्हा कागदही सुटेनात व पैसेही सुटेनात. त्या जागेबद्दल जे सांगावयास हवे होते, ते त्या गृहस्थाने सांगितलेच नव्हते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाली आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाख ५० हजारांच्या आत असले, तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असले तरी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची सवलत मिळते. म्हणजे पंधरा दिवस धीर न धरल्याची किंमत चार वर्षांच्या पूर्ण फीइतकी होते.

आता जवळ की दूर, या मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही, कारण जवळ असे काही नव्हतेच. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ एकच, ते हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. खेड्यातील अस्पृश्याच्या मुलाने पदवीसाठी हैदराबादला जाऊन राहावे ही गोष्ट स्वप्नातसुद्धा येण्यासारखी नव्हती. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाड्याच्या खेड्यांतील मुलाला आपल्या घरापासून रेल्वेच्या एका फेरीच्या अंतरावर वसतिगृहासह उच्च शिक्षण मिळावे हा बाबासाहेबांचा त्यामागील व्यवहारी विचार होता. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला आणि तो अमलात यावयास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत आपल्या माणसांनी काय सोसले ते या वाचकांना सांगावयास नको.

म्हणूनच येथे मला एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. कित्येक पालक म्हणतात, 'बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ असता दुसरीकडे कशाला?' भावना आदरणीय आहे, परंतु ती प्रवेशाचे कारण होऊ शकत नाही. मुलाला जो विषय शिकावयाचा आहे, त्या विभागात कायमचे प्राध्यापक किती, प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद, मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे जाऊन पाहावे. चांगले आढळले तर तेथेच घालावे व अभिमानाने घालावे. चांगले आढळले नाही तर कमानीवरील नावासाठी मुलाची चार वर्षे खर्ची घालू नयेत. याच्या उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. 'पुणे' या दोन अक्षरांना भुलून एखाद्या कोपऱ्यातील महाविद्यालयात मूल घातले जाते आणि जालन्यातील चांगली संस्था डोळ्यांआड होते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ पासून सुरू झाले आहे. बाहेरगावची हुशार मुले ज्यासाठी जालन्याला येतात, ते आपल्या दारातले आहे म्हणून हलके मानावयाचे काय?

खर्चाचा हिशेबही आपण बहुधा चुकीचा मांडतो. 'जवळचे ते स्वस्त' हे सूत्र प्रत्येक वेळी खरे ठरत नाही. ज्या अनुसूचित जातीच्या वा नवबौद्ध विद्यार्थ्याला पात्र असूनही शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्यास वर्षाला ६० हजार, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात ५१ हजार व इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, असे तिचे ठोकळ प्रमाण आहे. परंतु विद्यार्थी त्या गावचा स्थानिक रहिवासी असता कामा नये. जालना शहरात राहून जालन्यातच शिकणाऱ्याला ही रक्कम नाही. तोच संभाजीनगरला गेला व इतर अटींत बसला तर मिळू शकते. अर्थात ही रक्कम उशिरा येते. आई-बाप ऊसतोडीला गेलेले आणि खानावळीचे पैसे थकलेले, अशा स्थितीत डिसेंबरमध्ये शिक्षण सोडून परत आलेली मुले मी पाहिली आहेत. म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च कोठून उभा राहील, हे यादी लागण्यापूर्वीच कागदावर मांडावे. तो उभा राहत नसेल तर दूरची जागा कितीही नामांकित असो, ती पसंतीक्रमात खाली घ्यावी. फीच्या बाबतीत मात्र दबून जाऊ नये. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्र शासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, पात्र विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क न भरता प्रवेश घ्यावा आणि शिष्यवृत्ती खात्यात जमा झाल्यावर ते भरावे, अशी तजवीज आहे.

मुलींच्या बाबतीत तर हिशेब मांडलाच जात नाही. मुलगा असेल तर पुण्याचा विचार होतो, मुलगी असेल तर 'येथेच काय ते शिक' असे म्हणून विषय संपतो. तिचे गुण भावापेक्षा अधिक असले तरी हाच न्याय! ज्या घराने जुन्या रूढी सोडल्या असे जाहीरपणे सांगितले, त्या घरात ही रूढी कशी उरली, याचे उत्तर त्या घरातील वडीलधाऱ्यांनीच द्यावे. पसंतीक्रमाचा अर्ज भरावयास मुलीला समोर बसवा आणि पहिले नाव तिला सांगू द्या.

स्वतः बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग या संदर्भात मला फार मोलाचा वाटतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१६ साली लंडनला आले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतणे भाग पडले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. मग मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० साली मुदतीच्या आत ते लंडनला परत गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. तोंडी आश्वासनावर ते विसंबले नाहीत. आपल्याला कोणी महाविद्यालय 'वसतिगृह देऊ', 'फी नंतर पाहू' असे सांगत असेल, तर ते सहीशिक्क्यासह लिहून मागावे. लिहून देत नसेल तर ते आश्वासन नाही असे समजावे.

वकील म्हणून कागदांविषयी चार शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे, विशेषतः ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली त्यांना. 'मुलाच्या अर्जात बौद्ध लिहिले तर सवलत जाईल काय?' असे मला वारंवार विचारले जाते. जात नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदूच असावी अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धही आले. तेव्हा धर्म लपविण्याचे काहीही कारण उरलेले नाही. परंतु धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिताना जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' लिहू नये. बौद्ध ही जात नव्हे, आणि केंद्राच्या यादीत मूळ जातीचेच नाव आहे. आपण जात मानत नाही हे खरे. येथे मात्र ज्या अन्यायाची भरपाई मागावयाची, त्या अन्यायाचे नाव लिहावे लागते. केंद्रीय संस्थांसाठी प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो, तोही आताच काढून ठेवावा. शाळेच्या दाखल्यावर जुनाच धर्म असेल तर ऐन प्रवेशाच्या दिवसांत राजपत्रात बदल करण्याच्या मागे लागू नये; एका कागदावर एक व दुसऱ्यावर दुसरे असे झाले की पडताळणीत खोळंबा होतो. तो बदल प्रवेश पदरात पडल्यावर निवांतपणे करावा.

जातवैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आपल्या जिल्ह्यात तो पुष्कळदा निजामी अमदानीतील उर्दू कागदात सापडतो: शाळेच्या जुन्या प्रवेश-निर्गम नोंदीत, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत. त्याचे भाषांतर करून घ्यावयास वेळ लागतो. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर त्याची प्रत प्रथम मिळवावी. चुलत्याशी बोलाचाल बंद असेल तर ती या निमित्ताने सुरू करावी. वैधता नसल्यास मिळालेली राखीव जागा हातची निसटू शकते, म्हणून वाट पाहण्याचे दिवस याच कामी लावावेत.

पसंतीक्रमाविषयी एक इशारा. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाकारल्यास पुढील फेऱ्यांचा हक्क जातो. तेव्हा 'मिळेल असे वाटते' म्हणून नावडते महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकू नये. खरोखर जेथे जावयाचे तेच वर लिहावे. वरची नावे लिहिल्याने खालची जागा हुकत नाही. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचून बापाला समजावून सांगावी.

आणि ज्यांनी घाईने कोठे पैसे भरले आहेत, त्यांनीही हताश होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कोणत्याही संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. ती पाहून परत द्यावयाची असतात. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळते, त्यातून प्रक्रियेच्या खर्चापोटी पाच टक्के, आणि तेही अधिकांत अधिक पाच हजार रुपये, कापता येतात. जसजसा उशीर होईल तसतसा परताव्याचा वाटा घटतो. अर्ज प्राचार्यांच्या नावे लेखी करावा, त्यात पैसे भरल्याची तारीख व पावतीचा क्रमांक लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याखेरीज कचेरीतून बाहेर पडू नये.